कारल्याचं बोट

उदगीर, ता. ५ डिसेंबर १९४३

चंद्रा,

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. जबाब उशिरा लिहून राहिले, राग धरू नको. तुझ्या नानांनी मुखेडला आपल्या दोघींना एकाच पाटीवर बाराखडी शिकवली, ती आता तुला चार ओळी लिहायच्याच कामाला येते. इथं सगळ्यांची लिहापढी उर्दूत. मला उर्दूत सलाम-दुवा झकास लिहिता येते, पण भांडण लिहायचं म्हटलं की मराठीच लागते. आन आज भांडणच लिहायचंय.

माझ्या आंगणात मोहल्ल्याच्या पोरी कुरान शिकायला येतात हे तुला ठावं हाय. त्यातल्या चांदबीचं तुला कधी लिहिलं न्हाई. एकोणीसची हाय. जनमापासून ऐकू येत न्हाई, म्हणून बोलताही येत न्हाई. बाप गेला, तेव्हापासून मायलेकी चाचाच्या घरी. चाचा म्हणजे पाशामियाँ, मोंढ्यात धान्याची आडत हाय त्याची. दोन सालांमागं तिची अम्मी तिला घेऊन माझ्या दारात आली आन म्हणाली, उस्तानी, हिला कुणी अल्लाचं नाव सांगितलं न्हाई. मी म्हटलं, बसव.

आता कसं शिकवावं हे मला तरी कुणी शिकवलं होतं? वजू, नमाजाआधीचं हातपाय धुणं, बघून बघून आला. नमाजला मी पुढं, ती बाजूला जरा मागं, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बघत. रकात, म्हणजे नमाजाचा एकेक फेरा, चुकू नये म्हणून जानमाजच्या चटईवर खजुराच्या बिया ठेवल्या, एक झाली की एक सरकवायची. मी पढते तेव्हा तिचा तळहात माझ्या गळ्यावर असतो. बाकीच्या पोरींना कुरान कानातून जातं, हिला हातातून.

आन मग ते बोट. आम्ही नमाजात बसून पढतो तेव्हा 'ला' आला की शहादतचं, अंगठ्याशेजारचं, बोट वर करतो, मग खाली. 'ला' म्हणजे न्हाई. त्याच्याबिगर दुसरा कुणी न्हाई. पोरगी मला बघून बोट वर करायची, पण एक दिवस तिनं माझं बोटच धरलं आन डोळ्यांनी विचारलं, हे काऊन? मग मी रिकामा घडा दाखवला, बोट वर. रिकामी मूठ दाखवली, बोट वर. भरला घडा दाखवला, हात छातीवर. मग आभाळाकडं बघितलं. दुसरा कुणी? बोट वर. तोच एक? बोट खाली, हात छातीवर. सगळा हिवाळा गेला यात. ज्या दिवशी तिला उमजलं त्या दिवशी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून लई रडली, आन मीही.

झालं असं, की एकोणीस वर्षं जिला 'न्हाई' म्हणता येत नव्हतं तिला आता येऊ लागलं. मग ती काय नमाजापुरतं ठेवते होय? चाचीनं ताटात कारलं वाढलं, हिनं बोट वर केलं. चाचीनं बोंब ठोकली, शहादतचं बोट कारल्यासाठी. काल पाशामियाँ मशिदीच्या पेशइमामसाहेबांना आन दोन बुजुर्गांना घेऊन माझ्या दारात. पोरीला उभं केलं, कारल्याची वाटी पुढं धरली, हिनं बोट वर केलं. पाशामियाँ म्हणतो, बघा, या बोटाचा अर्थ 'न्हाई' असा हिला या बाईनं शिकवलाय, दिवसभर घरात हेच चालतं. पेशइमाम म्हातारे हायत, भले हायत, पण ज्याचं शेवटी ऐकतील त्याचे. म्हणाले, उस्तानी, मुक्या माणसाला पढणं माफ हाय, तिला घरी बसू द्या.

मी दाराआडून म्हटलं, जिभेला माफी हाय हजरत, माणसाला मनाई न्हाई. आंधळ्याला तुम्ही कुरान पाठ करवून हाफिज करता, वरून हार घालता. मग बहिऱ्यानं काय केलंय तुमचं?

ते गेले. चांदबी आज फजरच्या, पहाटेच्या, नमाजाला मागच्या दारानं आली. मी दार उघडंच ठेवलं होतं.

तुझी लेक कुसुम कशी हाय? दहावं लागलं असेल ना तिला. तिला माझे मुके.

जन्नत

---

नांदेड, ता. १४ डिसेंबर १९४३

ती. जन्नतआक्कास चंद्रप्रभेचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग घाबरले. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे शाळेत मास्तर असले तरी घरात वकिलासारखे बोलतात, ते तुला माहीत आहे. म्हणाले, जन्नतआपा विधवा बाई, एकटी राहते, पोटापाण्याला त्याच मोहल्ल्याच्या मुली. चार घरं फिरली तर खायचं काय?

आक्का, मला ते पटलं. तू लहानपणापासून अशीच. मुखेडच्या बाजारात त्या काकडीवाल्याशी भांडलीस आणि काकड्या मला उचलाव्या लागल्या. पण तेव्हा आपले वडील होते मागे उभे. आता कोण आहे? त्या मुलीला शिकव, पण गुपचूप. आणि ते बोट तेवढं बदल की गं. 'नाही'साठी मान हलवायला शिकव, सगळं जग तशीच मान हलवतं. बोट नमाजापुरतं राहू दे. त्यांचंही राहील, तुझंही राहील.

इकडे थंडी चांगली पडली आहे. गोदावरीवर सकाळी धुकं असतं. रॉकेल मिळत नाही म्हणून लवकर निजतो. सासूबाईंचे गुडघे धरलेत. बाकी सगळं ठीक.

तुझी चंद्रप्रभा

---

उदगीर, ता. २ जानेवारी १९४४

चंद्रा,

मान हलवायला शिकव म्हणतेस. अगं, एकोणीस वर्षं मानच हलवली तिनं. चाची म्हणायची, माशी बसली असेल. मान हलवली तर कुणी बघत न्हाई, बोट वर केलं तर घरभर बोंब होते. आता तूच सांग, कुठलं चांगलं?

म्हणून मी बदलणार न्हाई. ज्या अल्लाला तिच्या घशातला आवाज लागत न्हाई त्याला तिच्या ताटातलं कारलं खपेल. माझा हिसाब मी देईन तिथं. काकडीवाल्याचं मात्र तू उगाच काढलंस, त्याच्या काकड्या कडूच होत्या.

आता खरं सांगते. पाशामियाँनं पोरीचा निकाह ठरवलाय. देगलूरचा संगतीतला व्यापारी, त्याच्याच वयाचा, एक बायको मेलेली, दुसरी माहेरी पळालेली. तिची अम्मी माझ्याकडं येऊन रडली. देगलूरवाला बैठकीत काय म्हणाला, ते तिनं पडद्याआडून ऐकलं. म्हणाला, मुकी हाय तेच बरं, आता घरात किटकिट नको. सगळे हसले. पाशामियाँही हसला.

सध्या मोहरम चालू हाय, पुढं सफर. या दोन महिन्यांत आमच्यात कुणी निकाह लावत न्हाई. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत वेळ हाय.

मी पाशामियाँला निरोप धाडला, पोरीची मर्जी घेतली का? जबाब आला, कुंवारी पोर गप्प बसली की राजी, हा मसला उस्तानीला ठावं असायला पाहिजे. चंद्रा, मला ठावं हाय. निकाहाच्या दिवशी पोरीच्या वतीनं बोलणारा वकील आन साक्षीला दोन गवाह पडद्यापाशी येतात, तीन वेळा विचारतात, पोरगी लाजून गप्प बसते, ते हाव, म्हणजे होकार, धरतात. माझ्याही निकाहात तसंच झालं. पण मी ऐकून गप्प बसले होते. हिला पडद्याबाहेरून विचारतील आन हिला ऐकूच येणार न्हाई, आन तेच तिचं हाव होणार. बघ कसं जमवलंय.

तुमच्या मास्तरांच्या शाळेत एक बुजुर्ग मौलवी हायत ना? त्यांना विचारायला लाव. मला नक्की ठावं पाहिजे, म्हणजे मी भांडताना चुकणार न्हाई.

आन चंद्रा, मी कुसुमचं विचारलं होतं. तू सासूच्या गुडघ्याचं लिहिलंस.

जन्नत

---

नांदेड, ता. २० जानेवारी १९४४

ती. जन्नतआक्कास नमस्कार.

हे मौलवीसाहेबांना भेटून आले. आधी नको म्हणत होते, मी दोन दिवस जेवण वाढताना बोलले नाही, मग गेले. मौलवीसाहेब म्हणाले ते ह्यांच्या तोंडून जसं ऐकलं तसं लिहिते. जिला बोलता येतं पण लाजते, तिचं गप्प राहणं होकार धरतात. जिला आवाजच नाही तिचं गप्प राहणं म्हणजे काहीच नाही. मुक्या माणसाचा इशारा हीच त्याची जबान, फक्त तो इशारा लोकांच्या ओळखीचा पाहिजे. नाहीतर कुणीही उठून म्हणेल, माझ्या मते तिनं हो म्हटलं.

हे लिहून द्या म्हटल्यावर मात्र त्यांनी हात जोडले. दुसऱ्या गावच्या काझीच्या कामात मी कागद धाडणार नाही, म्हणाले. चांगले आहेत, पण म्हातारे झालेत.

आक्का, मी रात्रंदिवस विचार केला. तू तिला घेऊन इकडे ये. परळीला गाडी बदलली की झालं. मी ठेवून घेते तिला, कामाला ठेवली आहे म्हणून सांगेन. सासूबाईंना मी बघते. आधी मीच तुला गप्प बस म्हणत होते, आता असं म्हणते आहे, हसू नकोस. ते 'किटकिट नको' वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

कुसुम बरी आहे. तिला अजून नीट बोलता येत नाही, एक शब्द दहादा म्हणते. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवते. तिथंच रमते ती.

तुझी चंद्रप्रभा

---

उदगीर, ता. १६ फेब्रुवारी १९४४

चंद्रा,

तुझ्या मास्तरांना माझा सलाम. भला माणूस, दोन दिवसांच्या अबोल्यात कामाला आला.

पण चोरून मी तिला नेणार न्हाई. नेली तर उद्या मोहल्ला म्हणेल, मुकी पळाली, उस्तानीनं पळवली. मग पुढच्या मुक्या पोरीला कुणी दारातही उभं करणार न्हाई. ती काय चोर हाय, मागच्या दारानं जायला? नमाजला मागच्या दारानं येते तेच मला सलतंय.

तुझे मौलवी म्हणतात इशारा ओळखीचा पाहिजे. तिथंच माझी झोप उडालीय. तिचे इशारे मला कळतात आन तिच्या अम्मीला. मी म्हटलं पोरगी 'न्हाई' म्हणतेय, तर लोक म्हणतील उस्तानीच्या मनातलं उस्तानी बोलतेय. अम्मी तर दिराच्या घरात खाते, तिची जीभ माझ्यादेखत सुकते.

मी एवढंच करू शकले. चिंध्यांच्या बाहुल्या केल्या. नवरा, नवरी, वकील, दोन गवाह, मध्ये ओढणीचा पडदा. चांदबीला खेळ लावून दाखवला. पडद्याबाहेरून हे तिघं येतात, नवरीला विचारतात, जातेस का याच्या घरी? मग हात छातीवर ठेवला तर हाव. बोट वर केलं तर न्हाई. दोन्ही दाखवलं, चंद्रा. एकच दाखवलं असतं तर माझ्यात आन पाशामियाँत फरक काय? देगलूरवाल्याला तिनं दोनदा बघितलंय. तिला पोट भरायचं असेल, चाचीच्या हाताखालून सुटायचं असेल, तर ते तिनं ठरवावं.

तिनं सगळा खेळ बघितला. मग नवरीची बाहुली उचलली, पडद्याच्या बाहेर वकिलासमोर आणून बसवली, आन माझ्याकडं बघून राहिली. मी बाहुली परत आत ठेवली. तिनं परत बाहेर आणली. मला वाटलं, खेळ समजला न्हाई तिला. उद्या परत दाखवीन.

आन तू लिहितेस कुसुम मागच्या खोलीत रमते. कुणी सांगितलं? तिनं?

जन्नत

---

नांदेड, ता. १८ मार्च १९४४

ती. जन्नतआक्कास.

महिना झाला, तुझं पत्र नाही. तुझं शेवटचं वाक्य मला लागलं. दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. तू लांबून बोलतेस, तुला इथली माणसं माहीत नाहीत, असं सगळं मनात म्हणून झालं. पत्र लिहायचं नाही असंही ठरवलं.

आता चिडायलाही धीर नाही. निकाह झाला का? त्या मुलीला नेलं का? तुला कुणी काही केलं का? हे म्हणतात तार करू. एक ओळ पाठव.

चंद्रप्रभा

---

उदगीर, ता. २५ मार्च १९४४

चंद्रा,

तार करू नको, तार आली की मोहल्ला जमतो, आन मोहल्ला सध्या मला बघून कंटाळलाय. मी बरी हाय. ताप होता, म्हणून लिहिलं न्हाई. आता बैस आन वाच.

तीन हप्त्यांमागं जुम्याला निकाह होता. पाशामियाँच्या आंगणात मंडप, पुरुष बाहेर, बायका आत, मध्ये जाजमाचा पडदा. मला बोलावणं नव्हतं. मी गेले. चाची म्हणाली, उस्तानी, इथं काय? मी म्हटलं, माझी शागीर्द हाय, सबक बघायला आले. आन चांदबीच्या शेजारी जाऊन बसले. पोरीला लाल जोडा घातलेला, हातावर मेंदी. ती पडद्याच्या खालच्या कडेकडं बघत होती, तिथून बाहेरच्यांच्या पायातले जोडे दिसतात.

जोडे आले. वकील खाकरला. चांदबी, फलान्याची बेटी, तुझा निकाह अमक्याशी, एवढ्या मेहरवर, कबूल हाय? लई मोठ्यानं ओरडला, बहिरी हाय ना म्हणून. चंद्रा, मी सांगते, एवढा मोठा माणूस, पागोटं बांधलेला, बहिऱ्या पोरीला पडद्याआडून ओरडून विचारतोय आन त्याच्या ध्यानातही येत न्हाई. तीनदा ओरडला. मग म्हणाला, खामोश हाय, राजी हाय. आन जोडे वळले.

मी आतून म्हटलं, कुणाला विचारलंत तुम्ही, जाजमाला?

बाहेर कुजबुज. पाशामियाँचा आवाज, उस्तानीला बाहेर काढा. चाचीनं माझा दंड धरला. मी उठणार तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

तिनं जोडे वळलेले बघितले होते. तिला कळलं, विचारून झालं, आन आपल्याला कुणी विचारलंच न्हाई. तिनं पडदा दोन्ही हातांनी बाजूला केला, लाल जोड्यात, उघड्या तोंडानं, सगळ्या पुरुषांपुढं वकिलासमोर जाऊन उभी राहिली. बाहुली ठेवायची ना, तशी. तेव्हा मला उमजलं. खेळ तिला समजला होता. मलाच समजला नव्हता.

वकिलाच्या तोंडाकडं बघून तिनं देगलूरवाल्याकडं हात केला, आन मग बोट वर.

मग पाशामियाँ हसला, हात उडवून म्हणाला, वेडी हाय काझीसाहेब, दिवसभर बोटं उडवते, त्याला काय अर्थ. निकाह पढा.

काझी बिदरहून आलेला, त्याला काय ठावं. त्यानं पेशइमामांकडं बघितलं. आन चंद्रा, तो म्हातारा, ज्याला मी तीन महिने मनात काय काय म्हटलं, तो काठी टेकत उठला. म्हणाला, पाशामियाँ, थंडीत तुम्ही मला या पोरीसमोर नेऊन उभं केलंत. कारल्याची वाटी धरलीत. चार माणसांत म्हणालात, या बोटाचा अर्थ 'न्हाई', उस्तानीनं शिकवलाय. तुमच्या शब्दावर मी तिचा सबक बंद केला. तेव्हा अर्थ होता, आज न्हाई? दोन्हीतलं एक खोटं. कुठलं ते सांगा, मी तसं काझीसाहेबांना सांगतो.

मागून ते दोन बुजुर्गही म्हणाले, हाव, आम्हीही होतो. कुणी पोरगा हसला, अरे हे तर कारल्याचं बोट. मग सगळेच.

मी रात्ररात्र जागून राहिले होते, तिचा इशारा ओळखीचा कोण करणार म्हणून. तो पाशामियाँनंच करून ठेवला होता, गावभर बोंब मारून.

काझीनं स्वतः विचारलं. तिला बसवलं, देगलूरवाल्याला दाखवलं, भुवया वर केल्या. बोट वर. मग त्या भल्या माणसानं पाण्याचा पेला पुढं केला. हात छातीवर. पाणी पिली ती. काझी म्हणाला, हिला हाव पण येते, न्हाई पण येते, माझं काम झालं. आन उठला. देगलूरवाल्याचे लोक न जेवता गेले, तर बिर्याणी मोहल्ल्यानं खाल्ली. मीही खाल्ली, का सोडू?

आता पुढचं. मायलेकी माझ्याकडं हायत. पाशामियाँनं सामान रस्त्यावर फेकलं, ते आम्ही उचललं. अर्ध्या पोरी येईनाशा झाल्या, त्यांचे बाप म्हणतात, उस्तानी पोरींना पडदा फाडायला शिकवते. म्हणू दे. काल तेल्याच्या गल्लीतून एक बाई तिच्या भोळ्या लेकराला घेऊन आली, त्याला चार शब्दांपुढं काही ध्यानात राहत न्हाई. विचारते, याला घ्याल का? मी चांदबीकडं बघितलं. तिनं खजुराच्या बिया काढल्या आन त्याला आपल्या बाजूला बसवलं. आता ती शिकवते, मी चहा करते.

मायलेकी माझ्याकडं यायच्या आधी, निकाहाच्या रातीच, पेशइमामांनी निरोप धाडला होता, उस्तानीला सांगा, मुलीनं फजरला पुढच्या दारानं यावं.

जन्नत

---

नांदेड, ता. ३ एप्रिल १९४४

ती. जन्नतआक्कास नमस्कार.

तुझं पत्र मी ह्यांना, मग सासूबाईंना, मग परत एकदा स्वतःला वाचून दाखवलं. सासूबाई त्या बिर्याणीपाशी हसल्या. पुढच्या दारापाशी म्हणाल्या, एवढं परत वाच.

आता माझं ऐक. परवा ह्यांच्या शाळेतली मंडळी फराळाला आली होती. मी नेहमीसारखी कुसुमला मागच्या खोलीत नेऊन बसवली, दाराची कडी लावायला हात वर केला, आणि तुझं ते 'कुणी सांगितलं, तिनं?' आठवलं. मी कडी लावली नाही. विचारलं, कुसुम, इथं बसायचंय तुला? आक्का, दहा वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. तिला तुझं बोट वगैरे कुठलं ठाऊक. ती उठली, माझ्या हाताखालून वाकून गेली आणि थेट ओसरीवर पाहुण्यांच्या मधोमध जाऊन बसली. एक लाडू उचलला. 'लाडू, लाडू, लाडू' म्हणाली. हेडमास्तरांनी वाटी तिच्याकडे सरकवली.

सासूबाई आतून म्हणाल्या, लोक बघताहेत. मी म्हटलं, बघू देत, तिलाही लोक बघायचेत.

शाळेला सुट्टी लागली की मी कुसुमला घेऊन तुझ्याकडे येते आहे. परळीला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत पोचू. तुझ्या धर्मातलं तिला काय शिकवशील, तू ठरव, पण हाव आणि न्हाई तेवढं चांदबीकडून शिकवून घे, ते सगळ्यांच्या धर्मात चालेल. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस. घर विचारत येईन. कारल्याच्या बोटाची उस्तानी म्हटलं की उदगीरात कुणीही दाखवेल.

तुझी चंद्रप्रभा